उन्हाळी आणि रात्रभर भिजलेली वाटी

लघवीला जळजळ सुरू झाली की डॉक्टर म्हणतात 'यूटीआय', म्हणजे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, आणि घर म्हणतं 'उन्हाळी लागली'. दुखणं एकच, पण या दोन शब्दांच्या मागून येणारी कामं वेगळी. 'यूटीआय' म्हटलं की तपासणीची बाटली येते. 'उन्हाळी' म्हटलं की मसाल्याचा डबा उघडतो. सासूबाई नाहीतर शेजारच्या काकू सांगतात, "अगं, उष्णता झालीये. धने-जिरं भिजत घाल, चार मनुका खा, उद्यापर्यंत बरं वाटेल." आणि पुष्कळदा उद्यापर्यंत बरं वाटतंही. सगळा घोळ या 'पुष्कळदा'त आहे.

'उन्हाळी' या शब्दाने एक गोष्ट मात्र अचूक हेरली आहे. एप्रिल-मेमध्ये ठाण्यात माणूस बसल्या जागी घामाने निथळतो. पाणी त्वचेवाटे जातं, लघवी कमी होते, गडद होते आणि मूत्राशयात जास्त वेळ साठून राहते. जंतूंना एवढी सवड पुरते. पण जंतू उन्हातून येत नाहीत. बहुतेक वेळा तो आपल्याच आतड्यात सुखाने नांदणारा ई-कोलाय असतो, गुदद्वाराकडून पुढे सरकलेला. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, पुरुषाचा साधारण २०. अंतराचा हा हिशेब पाहिला की बायकांनाच हे जास्त का होतं याचं उत्तर मिळतं. साधारण दर दोघींपैकी एकीला आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतोच. त्यात लाजण्यासारखं काही नाही आणि त्याचा 'अस्वच्छते'शी लावलेला संबंध तर निव्वळ अन्यायाचा आहे.

ठाणे-वाशी लोकलच्या लेडीज डब्यात संध्याकाळी नजर टाकली तर जवळजवळ प्रत्येक पर्समधून पाण्याच्या बाटलीचं झाकण डोकावताना दिसतं. त्यातल्या कितीतरी बाटल्या सकाळी भरल्या तशा निम्म्या परत येतात. लोकलला शौचालय नसतं. स्टेशनावर असतं, पण तिथली कडी, पाणी आणि वास या तिन्हींचा भरवसा एकाच वेळी मिळणं कठीण. मग ऐरोली-रबाळ्याच्या कचेरीत नोकरी करणारी बाई दुपारी तीननंतर पाणीच पीत नाही. ही सवय सुक्यामेव्याच्या कुठल्याही वाटीला पुरून उरते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वारंवार यूटीआय होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी पिणाऱ्या १४० स्त्रिया घेतल्या होत्या. त्यातल्या निम्म्या जणींना वर्षभर रोज दीड लिटर पाणी जास्तीचं दिलं. त्यांना वर्षात सरासरी १.७ वेळा त्रास झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. औषध नाही, चूर्ण नाही, नुसतं पाणी.

तरी सुक्यामेव्याची गोष्ट सोडून द्यावी इतकी पोकळही नाही. त्यातल्या एका फळाचं काम चांगलं मोजलेलं आहे. ते फळ आपलं नाही.

क्रॅनबेरी उत्तर अमेरिकेतली. दलदलीच्या जमिनीत पसरणाऱ्या वेलीसारख्या बुटक्या झुडपाला ती लागते. ताजं फळ चिरलं तर आत चार पोकळ कप्पे दिसतात. त्या हवेमुळे फळ पाण्यावर तरंगतं, म्हणून तोडणीच्या वेळी शेतात पाणी सोडून लाल तवंग गोळा करावा तशी फळं गोळा करतात. चव इतकी आंबट-तुरट की ताजं कुणी सहज खात नाही. पूर्वी समजूत अशी होती की क्रॅनबेरीमुळे लघवी आम्लधर्मी होते आणि जंतू मरतात. ती आता मागे पडली. खरं काम करतात ती प्रोअँथोसायनिडिन नावाची द्रव्यं, त्यातही 'ए' जातीची. ई-कोलायच्या अंगावर केसासारखे बारीक तंतू असतात आणि त्यांनी तो मूत्राशयाच्या अस्तराला धरून बसतो. ही द्रव्यं ती पकड बसू देत नाहीत. पकड बसली नाही की लघवीच्या धारेबरोबर जंतू बाहेर पडतो.

या एका वाक्यात क्रॅनबेरीची सगळी ताकद आहे आणि तिची मर्यादाही. जंतू चिकटण्याआधी ती उपयोगी. एकदा चिकटून, वाढून, अस्तराला सूज आणून जळजळ सुरू झाली की क्रॅनबेरी त्याला मारत नाही. 'उन्हाळी लागली, क्रॅनबेरी आण' हे म्हणूनच उशिरा सुचलेलं शहाणपण. घरात चोर शिरल्यावर कुलूप आणायला जाण्यासारखं.

आधी घेतली तर किती उपयोग? वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२३ च्या आढाव्यात ५० चाचण्या आणि ८,८५७ माणसं होती. वारंवार यूटीआय होणाऱ्या स्त्रियांमध्ये पुन्हा त्रास होण्याचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी घटला. मुलांमध्ये त्याहून जास्त. गरोदर बायका, वृद्धाश्रमातली म्हातारी माणसं आणि मूत्राशय पूर्ण रिकामं न होणारे रुग्ण यांच्यात मात्र फायदा दिसला नाही. 'वारंवार' म्हणजे सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा. पाच वर्षांतून एकदा उन्हाळी लागणाऱ्या बाईने यासाठी महिन्याला पैसे घालवू नयेत.

आता या चाचण्यांतली क्रॅनबेरी बहुतेक रसाची, गोळीची किंवा भुकटीची. आपल्याकडे पाकिटात मिळते ती सुकी आणि गोड. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने, २०२० साली क्रॅनबेरीच्या रसाला आणि पूरक गोळ्यांना यूटीआयबद्दल मर्यादित दावा छापायची मुभा दिली, तीही पुरावा तोकडा असल्याची कबुली त्याच वाक्यात घालून. सुक्या क्रॅनबेरीला त्या परवानगीतून मुद्दाम वगळलं. सुक्या फळावरचा जो अभ्यास लोक पुढे करतात तो २०१३ चा. २० स्त्रिया, दोन आठवडे, रोज ४२ ग्रॅम. पुढच्या सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त जणींना त्रास झाला नाही. ऐकायला छान, पण शेजारी तुलनेसाठी क्रॅनबेरी न खाणाऱ्या बायकांचा गट नव्हता. वीस जणींच्या बळावर सासूबाईंशी वाद घालता येत नाही.

पाकिटाची मागची बाजू वाचावी. तिथे साधारण असं असतं: क्रॅनबेरी, साखर, सूर्यफूल तेल. फळ चिरून साखरेच्या पाकात मुरवतात, वाळवतात आणि दाणे एकमेकांना चिकटू नयेत म्हणून वरून तेलाचा हात फिरवतात. १०० ग्रॅममध्ये ६५ ते ७२ ग्रॅम साखर भरते. म्हणजे ४० ग्रॅमच्या एका मुठीत सहा-सात चमचे. मधुमेह असलेल्या बाईला यूटीआयचा धोका आधीच जास्त, आणि तिलाच 'औषध' म्हणून ही मूठ रोज खायला सांगितली जाते. एक दाणा कोमट पाण्यात अर्धा तास ठेवून पाहावा. पाणी गुलाबी होतं आणि जिभेला लागतं सरबतासारखं. फळ मात्र फुगून फिकट, कातडी सुरकुतलेली, आत जवळजवळ काहीच नाही. उपयोगी द्रव्य मुख्यतः त्या कातडीत असतं, म्हणून भिजवलेलं पाणी पिऊन फळ टाकून देणं हा उलटा व्यवहार झाला. साखरेशिवाय सुकवलेली किंवा सफरचंदाच्या रसात मुरवलेली पाकिटंही मिळतात. दुसऱ्या प्रकारात साखर असतेच, नाव फक्त बदलतं.

गोळी घ्यायची तर लेबलवर 'क्रॅनबेरी अर्क ४०० मिग्रॅ' एवढं पुरेसं नाही. त्यात प्रोअँथोसायनिडिन किती, हे लिहिलेलं हवं. अभ्यासात सर्वसाधारणपणे धरलेलं माप दिवसाला ३६ मिलिग्रॅम. आकडा नसेल तर आपण रंगाचे पैसे देतोय असं समजावं. हल्ली या गोळीबरोबर डी-मॅनोज नावाची साखर जोडून पुड्या विकतात. २०२४ मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या ५९८ स्त्रियांवर तिची नीट चाचणी झाली: डी-मॅनोज घेणाऱ्यांपैकी ५१ टक्के जणींना पुन्हा त्रास झाला, न घेणाऱ्यांपैकी ५५.७ टक्के. हा फरक योगायोगाच्या पलीकडचा ठरला नाही. वॉरफेरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असलेल्यांनी आणि ऑक्झलेटचे मूतखडे होणाऱ्यांनी क्रॅनबेरीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत.

बाजारात आणखी एक गंमत चालते. 'इंडियन क्रॅनबेरी' अशी चिठ्ठी लावलेला लालबुंद, चकचकीत माल दिसतो आणि विचारलं तर उत्तर येतं, "ताई, तीच ती, फक्त आपल्याकडची." ती असते करवंद. येऊरच्या डोंगरातून मे महिन्यात पानाच्या द्रोणात येणारी काळी करवंदं आपल्याला बोटं चिकट होईपर्यंत ओळखीची, पण हिरवी-कच्ची करवंदं पाकात शिजवून लाल रंगवली की ती केकवर चेरी होते, पानात चेरी होते आणि आता क्रॅनबेरीही होते. वनस्पतिशास्त्रात दोघींचं नातं नाही. करवंद कण्हेरीच्या कुळातली, क्रॅनबेरी ब्लूबेरीच्या. ओळखायचं कसं? दाणा उभा चिरावा. क्रॅनबेरीचं साल पातळ, गर विरळ, बिया तिळापेक्षाही लहान. करवंदीचा गर घट्ट, आणि बिया असल्या तर चपट्या, दाताला जाणवणाऱ्या. करवंद खावी, जरूर खावी, लोणचं तर अप्रतिम होतं. क्रॅनबेरीच्या भावात घेऊ नये इतकंच.

मग आपल्या घरात जे भिजत घालतात त्याचं काय? खरं तर 'सुकं फळ' हा शब्द वनस्पतिशास्त्राने वापरला तर सुकामेव्याच्या बरणीपेक्षा मसाल्याचा डबा जास्त भरतो. धना हे सुकं फळ आहे, जिरं सुकं फळ आहे, बार्लीचा दाणा सुकं फळ आहे. ज्याला आपण सब्ज्याचं बी म्हणतो तेही कोरडं फळच. आणि मूत्रविकारांसाठी आयुर्वेदाने ज्याला मान दिला तो गोखरूही, संस्कृतात गोक्षुर, वाळलेलं काटेरी फळच. दशमुळांत त्याचं नाव आहे आणि गोक्षुरादी गुग्गुळात तर ते पाटीवरच आहे.

धन्याचं पाणी नीट करायला दोनच गोष्टी लागतात, आणि त्या दोन्हींतच चूक होते. अख्खे धने पाण्यात टाकले तर सकाळी जवळजवळ साधंच पाणी मिळतं. ते खलबत्त्यात भरड व्हायला हवेत, दोन फाकी सुटतील इतपत. आणि उकळायचे नाहीत, सुवास वाफेबरोबर जातो. जुन्या पद्धतीत याला 'हिम' म्हणतात: एक भाग भरड, सहा भाग थंड पाणी, रात्रभर झाकून, सकाळी चोळून गाळायचं. दोन मोठे चमचे धने म्हणजे साधारण दहा ग्रॅम, त्याला ६० मिलिलिटर पाणी. चव तीव्र लागते, म्हणून घरोघरी ते पेलाभर पाण्यात सैल करतात, त्यात वाईट काही नाही. मे महिन्यात वाटी ओट्यावर ठेवू नये. दमट हवेत सकाळपर्यंत आंबूस वास धरते. फ्रीजमध्ये ठेवावी आणि दुपारच्या आत संपवावी.

आमसुलाचं तसंच. चार-पाच आमसुलं धुऊन एका पेल्यात दोन-तीन तास. मिठाचं आमसूल असेल तर पहिलं पाणी फेकावं, विशेषतः रक्तदाब असणाऱ्यांनी. आगळ घेतलं तर त्यातलं मीठ आणखी जास्त. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात कधीही भिजवू नये, कळकतं. या पाण्याने जंतू मरत नाहीत, पण साधं पाणी ज्यांच्या घशाखाली उतरत नाही त्या बायका हे आवडीने दोन पेले पितात आणि त्यातच त्याचं श्रेय आहे. धने, जिरं, बार्ली, आमसूल या सगळ्यांकडे मी पाणी पाजायची सबब म्हणून पाहते. सबब चांगली असेल तर तिला औषध म्हणायची घाई कशाला?

गोखरूचं तसं नाही, तिथे हात जरा सावध हवा. ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजारात काष्ठौषधींच्या दुकानात 'गोखरू द्या' म्हटलं तर दोन वस्तू निघू शकतात. लहान गोखरू म्हणजे सराटा: चण्याएवढं फळ, सगळ्या बाजूंनी टणक काटे, मुठीत घट्ट धरलं तर टोचतंच. मोठा गोखरू लांबट, चौकोनी, बुडाशी चार काटे. तो वेगळ्याच वनस्पतीचा. औषधकोशात गोक्षुर म्हणून लहान गोखरूच आहे आणि चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम. काटे घरच्या मिक्सरमध्ये नीट दळले जात नाहीत, कणी राहते आणि घशात टोचते, म्हणून घरी काढाच बरा: एक चमचा भरड, दोन कप पाणी, मंद आचेवर अर्धा कप होईपर्यंत, मग फडक्यातून गाळून. फळाला माती फार असते, आधी दोनदा धुवावं. गरोदरपणात, मूत्रपिंडाच्या आजारात किंवा लघवी वाढवणाऱ्या बीपीच्या गोळ्या चालू असताना वैद्यांना विचारल्याशिवाय नाही.

मनुका, अंजीर, आलुबुखारा यांचा रस्ता वेगळा आणि तो कुणी सांगत नाही. बद्धकोष्ठ असलेल्या बाईचं गुदाशय भरलेलं राहतं, ते मूत्राशयावर दाबतं, लघवी पूर्ण होत नाही आणि तळाशी उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. रात्री दहा-बारा काळ्या मनुका किंवा दोन सुके अंजीर धुऊन भिजवून सकाळी पाण्यासकट घेतले की पोट साफ होतं. सुक्या आलुबुखाऱ्यात १०० ग्रॅमला जवळपास १५ ग्रॅम सॉर्बिटॉल असतं, म्हणून चार-पाचांवर जाऊ नये, नाहीतर जुलाब होतात. सुक्यामेव्याची ही मदत आडवळणाची असली तरी प्रामाणिक आहे.

आता सुरुवातीच्या त्या 'पुष्कळदा'कडे. जर्मनीत २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत साधा मूत्राशयदाह असलेल्या ४९४ स्त्रियांपैकी काहींना प्रतिजैविक दिलं, काहींना फक्त आयबुप्रोफेन ही दुखणं कमी करणारी गोळी. आयबुप्रोफेनवाल्यांपैकी जवळपास दोन तृतीयांश जणींना प्रतिजैविक लागलंच नाही. शरीराने स्वतःच निभावलं. म्हणजे त्या आठवड्यात त्यांनी मनुका खाल्ल्या असत्या तर गुण मनुकांच्या नावावर जमा झाला असता, धने प्यायल्या असत्या तर धन्याच्या. घरगुती उपायांची कीर्ती अशीच तयार होते, कुणी खोटं बोलत नाही. पण त्याच गटात संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेल्या पाच जणी निघाल्या, प्रतिजैविकाच्या गटात एक. त्या पाच जणींची गोष्ट शेजारच्या काकूंपर्यंत पोचत नाही.

म्हणून वाटी भिजत घालायला हरकत नाही, पण घड्याळ लावून. नुसती जळजळ आणि सारखं लघवीला जावंसं वाटणं, बाकी तब्येत ठणठणीत, तर एक-दोन दिवस भरपूर पाणी पिऊन पाहता येतं. ४८ तासांत उतार नसेल तर डॉक्टर. थंडी वाजून ताप, बरगड्यांखाली पाठीत एका बाजूला दुखणं, उलटी, लघवीतून रक्त, यातलं काहीही असेल तर वाट पाहायचीच नाही. गरोदर बाई, मधुमेही, मूतखड्याचा इतिहास असलेली किंवा लहान मुलगी असेल तरीही नाही. आणि जळजळ आत होतेय की लघवी बाहेरच्या कातडीला लागल्यावर, हे नीट पाहावं. बाहेरची जळजळ, खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव असेल तर ती बहुधा बुरशी आहे. तिला क्रॅनबेरी नको आणि प्रतिजैविक तर मुळीच नको, त्याने ती वाढते. पाळी गेलेल्या बायकांना वारंवार त्रास होत असेल तर योनीत लावायच्या इस्ट्रोजेन क्रीमबद्दल स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारावं. त्याचा उपयोग सुक्यामेव्यापेक्षा कितीतरी भक्कम आहे, पण ते नाव घरात कुणी घेत नाही.

केमिस्टकडून आणलेलं गोडसर सायट्रेट सिरप आग शमवतं, जंतू मारत नाही. शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन हे यूटीआयचं प्रतिजैविक चालू असताना लघवी फार अल्कधर्मी केली तर त्या औषधाचा जोर कमी पडतो, तेव्हा दोन्ही एकदम घेण्याआधी विचारावं. कपाटात मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या असतील तर त्या घेऊ नयेत. दोन गोळ्यांनी जळजळ थांबते, जंतू उरतो आणि कल्चरमध्ये, म्हणजे लघवीतला जंतू वाढवून पाहायच्या तपासणीत, काही उगवत नाही.

कल्चरची बाटली प्रयोगशाळेतूनच घ्यावी. घरी धुतलेली जॅमची बाटली कितीही चकचकीत दिसली तरी चालत नाही. आधी साध्या पाण्याने पुढून मागे धुवावं, पहिली धार सोडून द्यावी, मधली बाटलीत धरावी, बाटलीच्या आत बोट लागू देऊ नये. दोन तासांत पोचवावी, नाहीतर फ्रीजमध्ये ठेवावी. घणसोलीहून निघून वाटेत भाजी घेत, बाटली पर्समध्ये घेऊन तीन तासांनी लॅब गाठली तर रिपोर्टमध्ये जंतूंची भाऊगर्दी दिसते आणि नको ते औषध गळ्यात पडतं. रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात. तोवर धन्याचं पाणी खुशाल प्यावं.

गाळून उरलेली धन्याची भरड फेकू नये. वास निम्मा उडालेला असतो, पण तव्यावर मंद आचेवर कोरडी केली की संध्याकाळच्या आमटीच्या वाटणात बेमालूम खपते.